कॅमेरा आणि उजेड : लेखांक ६ – उजेडाचा हिशेब आणि छायेतील नॉइज

मागील लेखांकात भिंगाच्या ॲपर्चरचा विचार करताना, एफ २ वरून २.८ वर आणि २.८ वरून ४ वर जाताना प्रत्येक पायरीस सेन्सरवर पडणारा प्रकाश निम्मा होतो, हे आपण पाहिले. या हिशेबाचा खरा कस लागतो तो अपुऱ्या उजेडातील चित्रणात. कारण तेथे चित्र पुरेसे उजळ दिसत असूनही त्याच्या काळोख्या भागांत रंगीबेरंगी कण वळवळू लागतात, आणि चित्रणकार ज्याला नॉइज म्हणतात त्या या उपद्रवाचा ठपका बहुधा वाढविलेल्या आयएसओवर ठेवला जातो. तपासणीत हा आरोप फारसा टिकत नाही.

प्रकाश कणाकणाने येतो, आणि समान अवधीत समान कण येतीलच असा निसर्गाचा दंडक नसल्यामुळे, सरासरीने जितके कण येतात त्यांच्या वर्गमूळाइतकी तफावत त्यांत स्वभावतःच राहते. सेन्सरच्या एका बिंदूवर १०,००० कण जमा झाले तर तफावत १०० ची, म्हणजे शेकडा १ ची. १०० च कण आले तर ती १० ची, म्हणजे शेकडा १० ची. अत्यंत निर्दोष सेन्सरलाही या नियमातून सूट नाही. सेन्सर वाचताना विद्युत्-मंडल स्वतःची थोडी भर घालते, पण ती जाणवते गडद छायेतच. आयएसओ वाढविणे म्हणजे क्षीण आवाजाच्या वक्त्यापुढील ध्वनिक्षेपक मोठा करणे होय : शब्द मोठे होतात, तशी पाठीमागची घरघरही. मूळ दारिद्र्य प्रकाशाचे असते. आयएसओ ते केवळ उघड करतो. म्हणूनच आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळवंडलेले चित्र पुढे संकलनात उजळविण्याने काही साधत नाही. अनेक कॅमेऱ्यांत तर त्याने छाया अधिकच बिघडतात.

मग प्रकाश हवा तितका का घेऊ नये? कारण सेन्सरच्या बिंदूची धारणशक्ती मर्यादित असते, आणि ती भरली की पुढचा सारा तपशील एकसारख्या पांढऱ्या डागात लोपतो. फिल्म या सीमेजवळ हळूहळू नमते. सेन्सर तेथे एकदम हात टेकतो. जो तपशील राखणे अगत्याचे आहे त्यातील सर्वांत उजळ भाग या सीमेच्या किंचित आत ठेवावा आणि तेवढी मर्यादा सांभाळून जितका प्रकाश घेता येईल तितका घ्यावा, हे या विद्येचे मुख्य सूत्र. शटरच्या बाबतीत मात्र व्हिडिओत फारशी मुभा नाही. सेकंदास २५ फ्रेम घेताना हालचाल स्वाभाविक दिसावी म्हणून शटर १/५० ठेवतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने दिव्यांची ज्योत सेकंदातून १०० वेळा कमीजास्त होते, आणि १/५० किंवा १/१०० सोडून १/६० वर गेल्यास पडद्यावर पट्टे सरकण्याचा संभव असतो.

नाट्यगृहातील चित्रणाचे उदाहरण घेऊ. काळ्या पडद्यांसमोर, स्पॉटच्या प्रकाशात शुभ्र धोतर नेसलेला नट उभा असतो. स्वयंचलित मापन सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानून चालते. बहुतांश फ्रेम काळ्या पडद्याने व्यापलेली पाहून ते प्रकाश वाढविते, आणि नटाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडतो. यास्तव सर्व नियंत्रणे स्वहस्ते ठेवावीत; रंगीत तालमीच्या वेळी प्रकाशयोजनाकाराकडून सर्वांत उजळ प्रवेशाचे दिवे लावून घ्यावेत, झेब्रा, म्हणजे ठरविलेल्या पातळीइतक्या उजळ भागावर कॅमेऱ्याच्या पडद्यात रेषा दाखविणारी खूण, शेकडा ९५ च्या आसपास ठेवावा, आणि त्याच्या रेषा दागिन्याच्या चकाकीवर आल्या तरी कपाळावर येऊ देऊ नयेत. गोऱ्या वर्णासाठी रूढ झालेला शेकडा ७० चा झेब्रा सावळ्या चेहऱ्यास लावला तर चेहऱ्याचा स्वतःचा वर्णच हरपतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरही विसंबू नये. अंधाऱ्या सभागृहात तो आहे त्याहून उजळ भासतो, तेव्हा साक्ष वेव्हफॉर्मची, म्हणजे उजळपणाची पातळी दाखविणाऱ्या आलेखाची, घ्यावी.

जेथे दिवे आपल्या स्वाधीन असतात तेथे छायेतच प्रकाश पोहोचविणे हा उत्तम इलाज. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी कलकत्त्याच्या स्टुडिओत काशीच्या घराचे अंगण उभारले गेले, तेव्हा छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून खालून सोडलेला प्रकाश त्यावरून परतविला, आणि आकाशातून झिरपणाऱ्या मृदू उजेडाचा प्रत्यय आणून दिला. मुलाखतीच्या लहानशा खोलीत पांढऱ्या छताकडे वळविलेला एक दिवाही छाया भरून काढण्याचे हेच काम करतो.

इतके करूनही उरणाऱ्या नॉइजवर संकलनात उपाय आहेत. पाठोपाठच्या ४ फ्रेमची सरासरी घेतल्यास नॉइज निम्मा होतो, १६ घेतल्यास चतुर्थांश; परंतु हलणाऱ्या हातामागे सावट उमटते. एकाच फ्रेममधील शेजारचे बिंदू मिसळावेत, तर त्वचेचा पोत आणि लुगड्याची वीण पुसली जाते. हे शुद्धीकरण धार वाढविण्यापूर्वी आणि अंतिम संकोचनापूर्वी उरकावे, कारण संकोचन करणारी यंत्रणा नॉइजलाही तपशील समजून आपले भांडवल त्यावर उधळते आणि छायेत चौकोनी ठोकळे उमटतात.

नाटकातला काळा पडदा मात्र काळाच राहू द्यावा. संकलनात काळ्याची पातळी किंचित खाली ओढली की त्यातील कण आपोआप बुडतात, आणि प्रेक्षकाची दृष्टी जेथे असावी तेथे, म्हणजे नटाच्या मुद्रेवर, स्थिरावते. त्या मुद्रेचा वर्ण वेगवेगळ्या दिव्यांखाली का बदलतो आणि व्हाइट बॅलन्सने त्याचा बंदोबस्त कसा करावा, हा पुढील लेखांकाचा विषय.