तुडतुडा ओळखायचा कसा?

यंदा आमच्या भेंडीची पानं कडेनं पिवळी पडून वाटीसारखी वर वळली. आबा म्हणाले, पाणी कमी पडलं. पाणी दिलं, तरी तसंच. मी पान उलटून बघितलं, तर खाली हिरवे तुडतुडे! ज्वारीच्या दाण्याहून बारीक. ते पानातला रस पितात. बोट नेलं की खेकड्यासारखे तिरके पळतात. मोठ्याच्या पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो. पिल्लांना उडता येत नाही. कपाशीवर पण हाच असतो.

पानामागं पांढरं काहीतरी चिकटलं होतं. आईला वाटलं, पांढरी माशी. पण पांढरी माशी झाड हलवलं की भुर्रकन उडते. हे तर हललंच नाही. ती पिल्लांची कात होती! मोठं होईपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकतं.

आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे वेगळे. ते करडे, पाचरीसारखे, डोक्याकडं रुंद अन् मागं निमुळते. त्यांच्यातही जाती आहेत. पाठीवरच्या बारक्या त्रिकोणावर कुणाला दोन ठिपके, कुणाला तीन. तीनवाल्याच्या पंखांवर पांढरा पट्टा असतो. मी गुरुजींचं भिंग घेऊन मोजायला गेलो, पण मेले टुणकन उडतात. दोनदाच जमलं.

आबा आता पाणी द्यायच्या आधी पान उलटून बघतात.