ख्रिस्ती श्रद्धेची ओळख (लेखांक सातवा) : विश्वास दिसतो कुठे?

दर सप्टेंबरात, आठ तारखेनंतरच्या रविवारी, वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा सुरू होते आणि आठवडाभर चालते. खारदांड्याच्या कोळीवाड्यातून माणसे कार्टर रोडने, चिंबईवरून टेकडीकडे निघतात. त्यांत ख्रिस्ती असतात, तशी हिंदू कोळी कुटुंबेही असतात. ज्यांचे पोट दर्यावर, त्यांना ही माउली परकी नाही. समुद्रात गेलेली तिची मूर्ती एका कोळ्यालाच सापडली, ही कथा या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, बाळ, घर मांडलेले असते. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, ते तो विकत घेऊन वाहतो.

प्रार्थना आणि नवस हा गेल्या आठवड्याचा विषय होता. माणूस देवाकडे काय मागतो, ते तेव्हा पाहिले. आता प्रश्न उलट बाजूने विचारायचा आहे : विश्वास ठेवणाऱ्याकडून देव काय मागतो?

या प्रश्नाचे एक उत्तर त्याच टेकडीवर, चर्चच्या शेजारीच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६मध्ये तेथे शांती अवेदना सदन सुरू केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. ज्यांच्यावर आता शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा केमोचा उपयोग उरलेला नाही, असे रुग्ण येथे येतात. ‘आता घरी न्या’ असे मोठ्या रुग्णालयात सांगितले जाते तेव्हा दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने त्या माणसाला न्यायचे कुठे, हा मुंबईतला अगदी रोजचा प्रश्न आहे. तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगात गालाला भोक पडते, जखम चिघळते, दुर्गंधी सुटते. घरच्यांची माया आटलेली नसते, पण ती जखम कशी हाताळायची हे त्यांना ठाऊक नसते. सदनात हे काम धर्मभगिनी आणि परिचारिका करतात. जखम धुवायची, नळीने अन्न भरवायचे, कूस बदलून द्यायची, मॉर्फिनची वेळ चुकू द्यायची नाही. रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. खाट मिळायला धर्माची अट नाही.

मॉर्फिनबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सत्कृत्याला नुसती दया पुरत नाही, हे तिथे नीट दिसते. आधुनिक हॉस्पिसचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. कळ असह्य होऊन रुग्ण ओरडू लागला की मग इंजेक्शन द्यायचे, अशी तेव्हाची रीत होती. मॉर्फिनची सवय लागेल, ही भीती त्यामागे होती. पूर्व लंडनमध्ये आयरिश धर्मभगिनींनी चालवलेल्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये सॉन्डर्स यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. ठरलेल्या वेळांना, कळ परतण्याच्या आधीच औषध दिले तर माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, जेवतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९६७मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. त्या निष्ठावान ख्रिस्ती होत्या आणि त्यांची निष्ठा अशी तासातासाच्या नोंदवहीत उतरली होती. वांद्र्याचे सदन सुरू झाले त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५मध्ये, भारतात अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला होता. त्यापायी मॉर्फिन बाळगणे इतके किचकट झाले की देशातल्या बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडले. वेदना म्हणजे देवाची इच्छा, ती सोसा, असा उपदेश मरणाऱ्याच्या उशाशी बसून करणे सोपे असते. परवान्यांचे अर्ज भरत राहणे आणि औषधाचा साठा संपू न देणे अवघड असते. ख्रिस्ताच्या नावाने केलेल्या कामात या दुसऱ्या गोष्टीला पहिलीपेक्षा कितीतरी अधिक मोल आहे.

नव्या करारातले याकोबाचे पत्र नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवते. पत्र छोटे आहे, पाच अध्यायांचे. अंगावर कपडा नसलेल्या, दिवसभराचे अन्न नसलेल्या भावाला किंवा बहिणीला कोणी नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावले तर त्या शुभेच्छांचा उपयोग काय, असे याकोब विचारतो आणि ज्या विश्वासाला कृतीची जोड नाही तो विश्वास मेलेला आहे, असे ठरवून टाकतो. खारदांड्यात हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सुकवून ठेवलेल्या बोंबलांवर घर किती दिवस चालणार, याचा हिशोब प्रत्येक कोळणीला करावा लागतो. तेव्हा दारात आलेल्याच्या हातात आशीर्वादाखेरीज काही आहे की नाही, हे तिला बरोबर कळते.

पण पत्राच्या ज्या अध्यायात हे उदाहरण येते, त्याची सुरुवात वेगळ्याच प्रसंगाने होते आणि ती सहसा कोणी वाचून दाखवत नाही. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस येतो, त्याला चांगली जागा मिळते; मळक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगतात. याकोब आधी यावर चिडतो, दानधर्माकडे तो नंतर वळतो. म्हणजे त्याच्या लेखी सत्कृत्य पैसे देण्यापासून सुरूच होत नाही. कोणाला कुठे बसवले, इथून ते सुरू होते. भारतात, जातीच्या देशात, हा क्रम विसरून चालणार नाही.

मग प्रेषित पौल काय म्हणतो? माणूस कृपेने, विश्वासाच्या द्वारे तरतो, कर्मांच्या जोरावर नव्हे, अशी त्याची शिकवण. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने पौलाचा हा धागा इतका घट्ट धरला की याकोबाच्या पत्राला त्याने जवळजवळ बाजूला सारले. त्यातून पेटलेला वाद शतकानुशतके चालला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. तारण ही देवाची देणगी आहे आणि सत्कृत्ये त्या देणगीतून उगवतात, तिची किंमत म्हणून मोजली जात नाहीत, असा त्याचा थोडक्यात आशय. म्हणजे पुण्याचा साठा करण्यासाठी केलेली सेवा याकोबालाही अभिप्रेत नाही आणि पौलालाही नाही.

पॅरिसमधला एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी एका चर्चामंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत असे. तुमच्या धर्माने पूर्वी चांगली कामे केली असतील, पण आज तुम्ही काय करता, असे तिथल्या विरोधकांनी त्याला विचारले. प्रश्न त्याला लागला. त्याने मित्रांना गोळा केले, एका धर्मभगिनीकडून गरीब वस्तीत वावरायला शिकून घेतले आणि घरोघर जायला सुरुवात केली. त्यातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. आज मुंबईच्या पॅरिशमध्येही तिचे सभासद काम करतात. त्यांची जुनी शिस्त अशी की गरजवंताला रांगेत उभे करायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे, आणि कोणाला काय दिले याची बाहेर वाच्यता करायची नाही.

महाराष्ट्राच्या पंडिता रमाबाईंनीही हाच प्रश्न विचारला होता, मात्र दुसऱ्या टोकाकडून. आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळाने हिरावले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि १८८३मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला पोचल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींकडे त्या राहत होत्या. त्या भगिनींचे लंडनमध्ये, फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी सेवागृह होते. तिथे रमाबाईंना नेण्यात आले. ज्यांची सावलीही घरादाराला नको असते, अशा बायकांशी या भगिनी आपुलकीने वागत होत्या आणि त्या बायका बदलल्या होत्या. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली गेली. ख्रिस्ताकडे आपण ओढल्या गेलो त्यात या भेटीचा मोठा वाटा होता, असे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे. शास्त्रांत पारंगत असलेल्या या बाईला शास्त्रार्थाने जिंकणे कठीणच होते. धर्मसिद्धान्तांवरून तर त्या त्याच भगिनींशी पुढे वर्षानुवर्षे भांडल्या. काम पाहून त्यांनी प्रश्न विचारला आणि मग त्या पुस्तकाकडे वळल्या.

मार्च १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांना शिकवायचे, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे, अशी बोली होती. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

हा वाद टाळून ख्रिस्ती सेवेबद्दल मराठीत लिहिता येत नाही, आणि टाळूही नये. तटस्थतेच्या भरवशावर मुली पाठवणाऱ्या पालकांची अस्वस्थता खरी होती. सेवा म्हणजे धर्मांतराचे आमिष, हा संशय तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे आणि काही ठिकाणी तो अगदीच निराधार नव्हता. त्यावरची कसोटी मात्र ख्रिस्ती धर्मग्रंथातच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. भुकेल्याला अन्न दिले का, तहानलेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली का, एवढेच तिथे पाहिले जाते. ज्यांनी हे केले त्यांना आपण प्रभूची सेवा करत होतो याचा पत्ताही नव्हता. मोबदल्याची अट घालून दिलेले अन्न या चित्रात कुठे बसत नाही.

रमाबाईंचे मोठे काम वादानंतरचेच आहे. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या गेल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सुरू झाला. अंध मुलींना शिकवण्याची सोय झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले ते खेड्यातल्या बायकांना वाचता यावे म्हणून, आणि ते मुक्तीच्या मुलींनीच जुळवून छापले. १९२१मध्ये मनोरमा गेली, एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. केडगावचे काम अजून चालू आहे.

कोणाला कुठे बसवले, हा याकोबाचा मुद्दा ज्यांनी सर्वांत खोलवर नेला, ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातले. १९६०मध्ये लग्न करतानाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचे, असे त्यांनी ठरवले होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले की तीच माणसे तेच आजार घेऊन पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातले बहुतेक आजार मुळात टाळता येणारे आहेत. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७०मध्ये दुष्काळी जामखेडला त्यांनी आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

गावाने निवडलेल्या बाईला आरोग्यसेविका करायचे, हे त्या प्रकल्पाचे मर्म. या बायकांपैकी बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित. बाळंतपण कसे करावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, कुष्ठरोग आणि क्षय कसा ओळखावा, हे त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात जाऊन इतरांना शिकवत. प्रशिक्षणात सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. पहिल्यांदा हे जमायला अवघड गेले. ज्या बाईला कालपर्यंत विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, तिच्याच हातात आता पाटलाच्या सुनेचे बाळंतपण येऊ लागले. प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९०च्या दशकापर्यंत हा आकडा तिशीच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एवढ्या आकड्यांमध्ये एक गोष्ट हरवू नये. डॉक्टरने आपल्या हातातले ज्ञान, म्हणजे आपली प्रतिष्ठा आणि कमाई, गावातल्या सर्वांत खालच्या बाईच्या हाती द्यायची आणि मग स्वतः मागे सरायचे, हे पैसे देण्यापेक्षा फार कठीण आहे. बहुतेक धर्मादाय संस्था इथेच अडतात; देणारा देतच राहतो, घेणारा घेतच राहतो. जामखेडच्या सेविका काही वर्षांत शिकाऊ डॉक्टरांना आणि परदेशी पाहुण्यांना शिकवू लागल्या. मेबल १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये. प्रकल्प त्यानंतरही थांबलेला नाही.

पुढील लेखांकात : उपास, राखेचा बुधवार आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ.