तीस पावसाळे

अजिंठ्यास मी यापूर्वी तीन-चार वेळा गेलो असेन, आणि दर वेळी इतरांप्रमाणेच पद्मपाणीच्या अर्धोन्मीलित नेत्रांपुढे निःशब्द होऊन परतलो. परंतु या श्रावणात गेलो तो चित्रांसाठी नव्हे, तर त्या चित्रांच्या सान्निध्यात उभी राहून हवेतील ओलावा मोजणाऱ्या एका मुलीसाठी. संभाजीनगरातील एका स्नेह्याच्या घरी तिची गाठ पडली असता ती सहज बोलून गेली होती, "हवामान बदललं असं म्हणायचं तर 30 वर्षांच्या नोंदी लागतात, मला निधी मिळालाय 2 वर्षांचा." ते वाक्य काही केल्या मनातून जाईना.

फर्दापूरच्या फाट्यावरून बसने पायथा गाठला तेव्हा वाघूर नदी गढूळ होऊन दुथडी वाहत होती, आणि घोड्याच्या नालासारख्या त्या कड्यावरून निथळणाऱ्या धारा काही लेण्यांच्या दारांवर पडद्यासारख्या लोंबत होत्या. पहिल्या लेण्याचा उंबरठा ओलांडताच ओली माती, वटवाघळांची विष्ठा आणि यात्रेकरूंचे भिजलेले कपडे यांचा मिळून जो एक जड वास आला, तो हे लिहिताना अजूनही नाकाशी आहे. दाराशी निवृत्तीला टेकलेले एक पहारेकरी उभे होते; मुलगी त्यांना 'मामा' म्हणे. "40 माणसं, 15 मिनिटं," हा नियम ते प्रत्येक जथ्याला एकाच सुरात ऐकवीत, आणि मग तिच्याकडे वळून हळूच म्हणत, "ताई, आज लेणं घामेजलंय बघा."

तिचे काम खरे म्हणजे पाहण्यासारखे नाहीच. रीतसर परवानगीने, चित्रांना धक्का लागणार नाही अशा जागी, ओलावा आपोआप नोंदवणारे काडेपेटीएवढे लॉगर ठेवायचे, त्यांतील आकडे उतरवून घ्यायचे आणि पुन्हा पुढच्या लेण्यात जायचे, इतकेच. पण जथा आत शिरला की तिच्या हातातील आर्द्रतामापकावरचा आकडा जेव्हा डोळ्यांदेखत चढू लागतो, तेव्हा आपल्या श्वासोच्छ्वासाचीच लाज वाटू लागते.

ज्यावर ही चित्रे आहेत तो काही दगड नव्हे. काळ्या पाषाणावर माती, वाळू, भाताची टरफले आणि गवताचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. कड्याच्या भेगांतून झिरपलेले पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मागे राहतात, फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलू लागतात. नित्याची ओल एक वेळ ही भिंत सोसते. दोन महिने कडक उघडीप आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, हा हेलकावा मात्र तिला सोसत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले की मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढले. ढगांचा हिशेब असा लागला. त्या ढगांनी गिलाव्याच्या पाठीमागे काय केले, हे मात्र कोणीतरी त्या वासात उभे राहून मोजल्यावाचून कळायचे नाही.

या लेण्यांना पैसा कधी मिळालाच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. निजाम सरकारने 1920 साली खजिन्यातून तरतूद करून थेट इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि ओरसिनी हे दोन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा मोठ्या कौशल्याने जागच्या जागी बसविला, आणि रंगांवर त्या काळी निर्धोक समजल्या जाणाऱ्या शेलॅकचा, म्हणजे आपल्या लाखेचा, हात दिला. कालांतराने तीच लाख पिवळी पडून चित्रे झाकोळली, आणि ती उतरविण्यात पुढील रसायनज्ञांची वर्षानुवर्षे खर्ची पडली. हेतू निर्मळ, हात कसबी, पैसा मुबलक. उणीव होती ती फक्त ज्ञानाची. पुढे जपानी कर्जातून रस्ते झाले, विमानतळ सुधारला, अभ्यागत केंद्र उभे राहिले. या गोष्टींची फीत कापता येते. ओलाव्याच्या नोंदवहीची फीत कोण कापणार?

तिने मला आपल्या अर्जाची नक्कल दाखविली. त्यात 'अपेक्षित निष्पत्ती' असा एक रकाना आहे. म्हणजे जे शोधावयाचे ते काय सापडणार हे आधीच लिहून द्यावयाचे, मग मंजुरी! 2016 साली 'करंट सायन्स'मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले, आणि ते नसल्यामुळे अजिंठ्याची निदान 25 टक्के चित्रे किड्यांनी बिघडविली असा निष्कर्ष निघाला. वेरूळला भांग सापडेल, असे कोणत्या रकान्यात आगाऊ लिहिता आले असते?

दुपारी पावसाची सर ओसरल्यावर आम्ही तिघे बाहेरच्या कठड्याशी बसलो. ती मामांना विचारून विचारून आपल्या वहीत लिहीत होती: कोणत्या साली कोणत्या खांबाशी पहिल्यांदा थेंब पडला, कोणत्या पावसाळ्यात कोणत्या छताला पाझर फुटला. मामांना सगळे तोंडपाठ होते, आणि आजवर ते कोणी त्यांना विचारले नव्हते. 30 वर्षांची अट तिने त्यांनाही सांगितली असावी, कारण मध्येच ते हसून म्हणाले, "माझे 26 पावसाळे झाले, ताई. चार कमी पडले."

मामांच्या नोकरीचे 9 महिने उरले आहेत. तिच्या निधीचे 7.