घर घेताना शाळा आणि मैदानही पाहा

आपले व्यापारी व कारागीर बंधू घर किंवा प्लॉट घेताना दोनच गोष्टी आधी विचारतात : भाव काय, आणि दुकान किती लांब? कापड घेणारे गिऱ्हाईक मात्र थान उलगडते, उजेडात धरते, पन्हा मोजते. घर तर एका पिढीचा सौदा. त्याची पारख तेवढी तरी व्हावी.

पहिली पारख शाळेची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत व आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे प्रमाण आहे. पण हा कायदा १४ वर्षांपर्यंतच. म्हणून नववी-दहावी कुठे होणार, हे आजच विचारावे. मुलगी उर्दू शाळेत असेल तर त्याच माध्यमाचे हायस्कूल पायी जाण्याजोगे आहे का? ते लांब पडले की मुलीचे शिक्षण सुटण्याची धास्ती असते.

आता हिशेब पाहा. गावाबाहेरचा प्लॉट स्वस्त पडला, पण दोन मुलांच्या ऑटोला प्रत्येकी महिना ८०० रुपये धरले, तर वर्षाचे १० महिने याप्रमाणे १० वर्षांत १ लाख ६० हजार जातात. स्वस्ताई कुठे राहिली?

दुसरी पारख मोकळ्या जागेची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर (सुमारे एक एकर) किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मलकापूर-खामगावच्या घाटाखालच्या उन्हात चार झाडांचे मैदान म्हणजे मुलांना संध्याकाळचा आसरा. विक्रेत्याच्या रंगीत कागदावर जाऊ नका. मंजूर नकाशाची प्रत मागा, ‘मोकळी जागा’ कुठे दाखवली ते पाहा आणि जागेवर जाऊन ती खरोखर मोकळी आहे का, हे तपासा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा व प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही विचारा.

बयाणा देण्यापूर्वी घरातील बायका-मुलांना घेऊन शाळा भरण्याच्या वेळी तो रस्ता एकदा पायी चाला. हमरस्ता ओलांडावा लागतो का, पावसात नाला भरतो का, संध्याकाळी दिवे लागतात का, हे शेजारच्या बायकांना विचारा. दुकानाचे अंतर आपण सायकल-मोटरसायकलने कापू. शाळेचे अंतर लहान पायांनी कापायचे असते.