‘ब्लॉक’ : शब्द एक, अर्थ अनेक

बारामती-इंदापूरच्या बागायतदाराला विचारा, “ब्लॉक म्हणजे काय हो?” तो म्हणेल, “कालव्याच्या पाण्याची मंजुरी!” विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी नीरा डाव्या कालव्यावर ब्लॉक-पद्धत आणली. ठरावीक जमिनीला ठरावीक मुदतीचे पाणी. त्यामुळे उसाला वाटेल तसे पाणी सोडण्यास आळा बसला.

पुढे १९५२ साली सामूहिक विकास योजना आली. तिचाही ब्लॉकच! पण हा गावांचा गट, म्हणून बी.डी.ओ. म्हणजे गटविकास अधिकारी. पुण्या-मुंबईत स्वतंत्र बिऱ्हाडाची जागा म्हणजे ब्लॉक. रेल्वेचा ब्लॉक म्हणजे कामासाठी गाड्या थांबवणे. फोनवर नंबर ब्लॉक केला की बोलणेच खुंटले!

एका शब्दाला इतके अर्थ कसे? मूळ अर्थ लाकडाचा ओंडका, ठोकळा. ठोकळा म्हणजे एकसंध तुकडा. त्यावरून जमिनीचा, गावांचा, खोल्यांचा गट. तोच ओंडका वाटेत आडवा पडला की अडथळा. म्हणजे दोनच फांद्या, बाकी डहाळ्या.

तेव्हा गुरुजनहो, मुलांकडून ‘ब्लॉक म्हणजे ठोकळा’ एवढेच घोकून घेऊ नका. शब्द वाक्यात घालून विचारा. आणि शेतकरी बंधूंनो, कागदावर ‘ब्लॉक’ दिसला, तर सही करण्याआधी विचारा, “साहेब, हा पाण्याचा की पंचायत समितीचा?” कारण मंजुरी आहे असे समजून उसाला पाणी घेतले आणि ती नसली, तर दंडाची आकारणी आपल्याच माथी बसते. विचारण्यात कमीपणा नाही.