प्रवचन घराघरांत नेणारी पेटी

२०२० च्या पर्युषण पर्वात महाराष्ट्रातील धार्मिक स्थळे बंद होती. २१ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन जैन मंदिरे पर्वाच्या अखेरच्या दोन दिवसांपुरती उघडण्यास अनुमती दिली. अन्यत्र दारे मिटलेलीच राहिली; ती उघडली दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. त्या चातुर्मासात पुण्यातही कोणी उत्साही युवक तिपाईवर मोबाइल लावून प्रवचन घरोघरी पोहोचवीत असे. चित्र मधेच गोठे, आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. तरीही श्रावक-श्राविका पडद्यासमोर हात जोडून बसत, कारण दुसरा मार्गच नव्हता.

महामारी सरली, गरज मात्र सरली नाही. पेठांतील वाड्यांत राहणारी कितीतरी कुटुंबे आता बिबवेवाडी, कोंढवा, पिंपरी-चिंचवडपर्यंत विखुरली आहेत. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे एकही व्याख्यान चुकविले नाही, तीच मंडळी आज गुडघ्यांमुळे उपाश्रयाचा जिना चढू शकत नाहीत. त्यांच्यापर्यंत प्रवचन अखंड पोहोचावे, यासाठी संघाच्या बैठकींत आता ‘एन्कोडर’ हा शब्द ऐकू येऊ लागला आहे. निवृत्त बँकवाल्याकडे हिशेबाच्या वह्यांबरोबर अशी कामेही आपसूक चालत येतात. म्हणून या पेटीविषयी चार गोष्टी लिहितो.

कोणतीही तार जोडण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो यंत्राविषयीचा नाही. आपल्या काही परंपरांत विद्युत ही सचित्त तेजस्काय मानली जाते. तेथे साधू-साध्वीजी ध्वनिवर्धकासमोर बोलत नाहीत, छायाचित्रण तर दूरच. अन्य काही परंपरांत ध्वनिवर्धक चालतो. चातुर्मासासाठी कोण पधारणार हे ठरताच ट्रस्टींनी त्यांची मर्यादा स्वतः जाऊन विचारावी आणि नकार आला तर तो विषय तिथेच मिटवावा. अनुमती असली तरी चित्र उजळ दिसावे म्हणून जादा दिवे लावणे, महाराजसाहेबांच्या वस्त्राला माइक अडकविणे, प्रतिक्रमणाच्या वेळी कॅमेरा चालू ठेवणे, हे माझ्या मते कोणत्याही संघाने करू नये.

आता पेटीकडे वळू. हार्डवेअर एन्कोडर म्हणजे जेवणाच्या डब्यापेक्षाही लहान यंत्र. एका बाजूने कॅमेऱ्याची तार आत जाते, दुसऱ्या बाजूने इंटरनेटची तार बाहेर पडते. मधे जे घडते ते आकड्यांत पाहण्याजोगे आहे. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे चित्र, सेकंदाला २५ वेळा, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट. हा गुणाकार सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट इतका होतो. घरगुती जोडणीवरून एवढा माल पाठविणे शक्य नाही. एकाच जागी बसून बोलणाऱ्या व्यक्तीच्या चित्राला मात्र ४० लाख बिट, म्हणजे ४ मेगाबिट, पुरतात. मागची भिंत हलत नाही, पाटही हलत नाही. मग तेच ते चित्र सेकंदाला पंचवीसदा कशाला पाठवायचे? जे बदलले तेवढेच पाठवायचे आणि ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या मानकाचा हा गाभा आहे. रोजच्या रोज पूर्ण ताळेबंद न पाठविता फक्त उलाढाल कळवायची आणि मधून मधून शिल्लक जुळवायची, असे आम्ही बँकवाले म्हणू. ते पूर्ण चित्र दर दोन सेकंदांनी जावे, अशी यूट्यूबची शिफारस आहे. पेटीच्या सेटिंगमध्ये ‘की-फ्रेम’ या नावाखाली हा आकडा भरावयाचा असतो.

हेच काम संगणकही करतो. पण संगणकाला इतरही व्याप असतात. ऐन व्याख्यानात त्याला स्वतःला अद्ययावत करण्याची हुक्की येते. पेटीला एकच काम ठाऊक असते आणि रोज सकाळी बटण दाबले की ती निमूटपणे तेच करते. १९७३ मध्ये मुंबई दूरदर्शनचे चित्र पुण्याला दिसावे म्हणून सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभारावे लागले होते, हे आठवले की या डबीचे कौतुक वाटते.

पुण्यात खरी परीक्षा इंटरनेटच्या जोडणीची असते. संवत्सरी कोणाकडे भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, कोणाकडे पंचमीला. म्हणजे नेमकी गणेश चतुर्थी वा तिच्या दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी पेठांच्या रस्त्यांवर ढोल-ताशांची पथके, प्राणप्रतिष्ठेच्या मिरवणुका आणि हातात मोबाइल घेतलेले हजारो पुणेकर. मोबाइलच्या डेटावर विसंबलेले प्रक्षेपण अशा दिवशी हमखास अडखळते. म्हणून तारेने येणारी फायबर जोडणीच घ्यावी, राउटरपासून पेटीपर्यंतही लॅनची तारच टाकावी आणि मोबाइलची जोडणी केवळ आणीबाणीसाठी राखावी. जोडणी देणारा ‘शंभरचा वेग’ सांगतो तो बहुधा डाउनलोडचा. आपल्याला हवा अपलोड. ४ मेगाबिटचे प्रक्षेपण करायचे तर अपलोड निदान त्याच्या दुप्पट असावा, आणि तो रात्री अकराला नव्हे, प्रवचनाच्याच वेळेला मोजावा. ताशी १.८ गिगाबाइट माल बाहेर जातो. दीड तासाच्या व्याख्यानाचे २.७ झाले. चातुर्मास म्हणजे पावसाळा, तेव्हा वीज लपंडाव खेळणारच. पेटी, राउटर आणि फायबरचा डबा ही तिन्ही उपकरणे छोट्या यूपीएसवर असावीत. पेटी चालू आणि राउटर बंद, असे झाले तर यूपीएसचा उपयोग काय?

चित्राबाबत फार लिहीत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ चित्रांवर आणि शटर पन्नासांश सेकंदावर ठेवले की ट्यूबलाइटची थरथर दिसत नाही. कॅमेऱ्याचे आपोआप बंद होणे रद्द करावे आणि पडद्यावरची बॅटरीची, तारखेची चिन्हे बाहेर जाणार नाहीत हे पाहावे. एचडीएमआयची साधी तार दहा-पंधरा मीटरपलीकडे भरवशाची राहत नाही; सभागृह लांब असेल तर एसडीआयची तार घ्यावी, ती शंभर मीटरच्या आसपास पोहोचते. तार भिंतीच्या कडेने न्यावी. श्राविकांच्या बसण्याच्या वाटेत आडवी टाकलेली तार हा अपघाताला दिलेला आवतणाचा कागद आहे.

आवाजावर मात्र थांबले पाहिजे, कारण घरी बसलेल्या वृद्धाला चित्र थोडे धूसर चालते, शब्द चालत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक तीस फुटांवरून पंखा, खोकला आणि संगमरवरी फरशीवरचा घुमारा आधी पकडतो, वचन नंतर. म्हणून आवाज ध्वनिवर्धकाच्या मिक्सरमधून थेट पेटीत घ्यावा. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. मिक्सरमधून निघणारा आवाज ‘लाइन’ पातळीचा म्हणजे जोरकस असतो. तो माइकच्या छिद्रात दिला तर फाटतो, तेव्हा पेटीचे लाइनचे छिद्र शोधावे. दुसरे असे की ध्वनिवर्धक आणि पेटी वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असतील तर एक अखंड ‘हुं’ ऐकू येतो. दोन्ही एकाच विद्युत बोर्डावर घ्यावीत. तरीही राहिला तर मधे आयसोलेटर नावाची लहानशी डबी लावावी. आवाजाची पातळी उंच टिपेलाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी, म्हणजे महाराजसाहेब एकाएकी उच्च स्वरात बोलले तरी तडकणार नाही. ध्वनी थेट येतो आणि कॅमेऱ्यातून चित्र किंचित मागाहून, म्हणून ओठ आणि शब्द जुळत नसतील तर पेटीत आवाजाला तेवढाच विलंब देता येतो. आणि हे सारे सभागृहात उभे राहून पारखता येत नाही. बाहेरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, मोबाइलवर ऐकणारा एक माणूस रोज हवाच. आमच्याकडे हे काम एक आजोबा करतात, कारण त्यांना ऐकू आले म्हणजे सर्वांना ऐकू येते.

यूट्यूब आपल्या चॅनलसाठी एक लांबलचक सांकेतिक शब्द देते, त्याला ‘स्ट्रीम की’ म्हणतात. ती पेटीत भरली की जोडणी होते. ज्याच्या हाती ती लागेल तो संघाच्या नावाने वाटेल ते प्रक्षेपित करू शकतो. बँकेत तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनीच उघडते. निदान एवढे तरी व्हावे की ही की व्हॉट्सअॅपच्या समूहात फिरू नये आणि चातुर्मास संपताच बदलली जावी. चॅनलही संघाच्या ई-मेलवर काढावे. एखाद्या होतकरू मुलाच्या खात्यावर काढले आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला, की सारी व्याख्याने त्याच्याबरोबर जातात. नव्या चॅनलला थेट प्रक्षेपण सुरू करण्यापूर्वी चोवीस तास थांबावे लागू शकते, तेव्हा प्रवेशाच्या आदल्या संध्याकाळी धावपळ नको. व्याख्यानापूर्वी स्तवनांच्या ध्वनिमुद्रिका वाजविण्याची प्रथाही सोडावी. स्वामित्वहक्काच्या कारणाने प्रक्षेपण अडू शकते. त्याऐवजी श्राविका मंडळाने स्वतः गायलेले केव्हाही बरे.

एक बारकावा राहिला. सभागृहातील शब्द घरच्या पडद्यावर दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही उशिरा पोहोचतात. महाराजसाहेब पच्चक्खाण देतात तेव्हा अंथरुणाला खिळलेली एखादी आजीही घरी हात जोडून ते घेत असते. सभा उठलेली असते आणि तिचे मांगलिक अजून चालू असते. म्हणून पेटीचे बटण दाबणाऱ्याने मांगलिक संपल्यावर मनात एक नवकार म्हणावा, पडद्यावर शेवटचा शब्द येऊ द्यावा आणि मगच प्रक्षेपण बंद करावे.