बाहुलीघरातली केरसुणी

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात आणि लक्ष्मी म्हणून तिची पूजा करतात. भातुकलीत मात्र ही लक्ष्मी क्वचितच सापडते. तुळशीबागेतला पितळी संच घ्या किंवा सावंतवाडीच्या चितारआळीतला रंगीत लाकडी. चूल, जातं, पाटा-वरवंटा, कळशी सगळं असतं. स्वयंपाक रोज होतो, केर काही निघत नाही. बाहुलीघरं सजवणारी हौशी मंडळीही आधी झुंबर करतात, आरसा करतात, पुस्तकांची कपाटं करतात. माझं मत विचाराल तर घरात कोणी राहतंय हे झुंबरावरून कळत नाही, दाराआड टेकवलेल्या केरसुणीवरून कळतं.

युरोपातल्या जुन्या बाहुलीघरांत कामाच्या खोल्यांना मान होता. न्युरेंबर्गमध्ये आना क्योफर्लिन या बाईंनी १६३१ साली एक मोठं बाहुलीघर लोकांना पाहण्यासाठी मांडलं. ते पाहून मुलांनी घर चालवायला शिकावं, ही त्यामागची कल्पना. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात पेट्रोनेला ऊर्टमान हिचं बाहुलीघर आहे, साधारण १६८६ ते १७१० या काळातलं. कालव्याकाठी खरं घर घेता आलं असतं एवढा पैसा तिने त्यात ओतला. त्यातही धुतलेल्या कपड्यांसाठी वेगळी खोली आहे. पुढे एडविन लच्यन्स या वास्तुकाराने राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात जे बाहुलीघर उभारलं (नवी दिल्ली आखणारे तेच हे लच्यन्स), त्याच्या नळांना खरंच पाणी येतं.

राणीच्या त्या घराचं प्रमाण १:१२ आहे, आणि आजही बाहुलीघरवाल्यांत तेच सर्वांत रुळलेलं आहे. एका फुटाचा एक इंच. म्हणजे पाऊण मीटरची केरसुणी सव्वासहा सेंटिमीटरची झाली. लांबी अशी भागाकाराने मिळते, जाडी मिळत नाही. माणसाचा केस बारापट जाड केला तर जवळपास एक मिलिमीटरची काडी होते. म्हणजे बाहुलीच्या हातात केसांचा झाडू दिला तरी तो तिच्या मानाने भरड ठरेल. खऱ्या केरसुणीची पाती कापून छोटी केरसुणी बांधली, तर ती काटक्यांची मोळी दिसते. खराखुरा जिन्नस वापरला की वस्तू खरी दिसेल, ही समजूत इथे टिकत नाही.

केरसुणी शिंदीच्या पानांची असते. पानं वाळवायची, चिरायची, जुडी बांधून मूठ आवळायची, हे काम महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केलं. पूजेत बसणारी ही वस्तू ज्या हातांनी घडवली, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, हे केरसुणीबद्दल लिहिताना गाळता येणार नाही. छोटी केरसुणी करायच्या आधी खरी हातात घेऊन तिची मूठ नीट पाहावी. वळसे कुठून सुरू होतात, कुठे ओढून घट्ट केले आहेत, पाती कुठून फाकायला लागतात, हे पाहिल्यावाचून जे तयार होतं त्याला केरसुणीचा आकार येत नाही.

छोट्या केरसुणीसाठी मला सर्वांत पसंत पडलेला जिन्नस म्हणजे फुलझाडूचे तुरे. त्यांची टोकं आपसूकच निमुळती होत जातात, त्यामुळे प्रमाण बरंचसं साधतं. तुरे अर्धा तास पाण्यात भिजवावेत, नाहीतर वाकवताना मोडतात. मग जुडी करून मेण लावलेल्या दोऱ्याने मूठ आवळावी आणि जड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावी, म्हणजे ती पंख्यासारखी चपटी होते. गोंद सर्वांत शेवटी, तोही सुईच्या टोकाने, फक्त मुठीत. पातळ गोंद दोन काड्यांमधल्या फटीतून वर चढत जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसाच, आणि वाळल्यावर सगळी पाती एकमेकांना चिकटून ताठ होतात. टोकं कात्रीने एका रेषेत कापू नयेत. दोन-दोन, तीन-तीन काड्या तिरप्या छाटाव्यात.

खराट्याला नारळाच्या हिराचं अगदी शेवटचं बारीक टोक चालतं. केरभरणी पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून सहज निघते.

बादली मात्र वेळ घेते. थंड पेयाच्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कात्रीने कापता येतो. बादली खाली निमुळती असल्यामुळे तिचा उलगडलेला आकार सरळ पट्टीचा नसतो, कमानीसारखा वळलेला असतो. तो आधी कागदावर काढून, गुंडाळून पाहावा. कानांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेची कडी घालावी, मग भांडी घासायच्या तारेच्या घासणीने पत्र्याची चमक उतरवावी. तेव्हा कुठे ती जस्ती बादली वाटू लागते.

बादलीच्या काठावरचं पोतेरं करणं त्याहून अवघड. खरं फडकं स्वतःच्या वजनाने लोंबतं. लांबी, रुंदी, जाडी बारापट कमी केली की वजन १,७२८ पटींनी घटतं, आणि आपल्या हातात आलेलं कापड तर तेवढं पातळही नसतं. त्यामुळे छोटं फडकं पुठ्ठ्यासारखं उभंच राहतं. त्यासाठी धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा घ्यावा, पाणी घातलेल्या गोंदात बुडवावा आणि ओला असतानाच काठावर टाकून सुईने एकेक चुणी पाडावी. वाळला की तो आताच कोणी पिळून टाकल्यासारखा लोंबत राहतो.

एवढं झाल्यावर बहुतेक जण थांबतात. मी म्हणेन, थांबू नका. कोरी करकरीत केरसुणी दुकानातली असते. घरातली झिजलेली असते, आणि तीही एका अंगाने, कारण झाडणाऱ्याचा हात एकाच बाजूने फिरतो. तुमच्या बाहुलीघरातली बाई उजवी की डावी ते आधी ठरवा. मग बारीक पॉलिश कागदावर केरसुणी झाडताना धरतात त्या कोनात धरून, तिच्या हाताच्या दिशेने, एक बाजू आखूड होईपर्यंत घासा. मुठीला चहाचं पाणी लावा, पण जिथे बोटं पडतात तिथेच. बादलीचा तळ खरखरीत करा. खराट्याच्या दोन काड्या काढून टाका. अंगण झाडणाऱ्या खराट्याच्या काड्या गळतातच.